कापसाच्या गंजीवर मॅकबेथ

पहिल्या चाचणीत मला 10 पैकी 3 मिळाले. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातली पाच वाक्यं दिली होती. प्रत्येक वाक्य कोण म्हणतं, कोणाला, कधी आणि त्यात खुबी काय, एवढं लिहायचं. इंग्रजी वाङ्मयात याला 'रेफरन्स टु काँटेक्स्ट' म्हणतात. शाळेत मराठीच्या पेपरात आपण संदर्भासह स्पष्टीकरण लिहायचो, तेच हे. "निरागस फुलासारखा दिस, पण त्याखालचा साप हो" हे वाक्य मी चेटकिणींच्या तोंडी घातलं होतं. इतकं वाईट चेटकिणीशिवाय कोण बोलणार, असा माझा हिशेब. सरांनी त्यावर लाल शाईनं एकच शब्द लिहिला : बायको! म्हणजे मॅकबेथची.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, काळ्या मातीचं, कापसाचं. कॉलेज तालुक्याला. सकाळची पावणेसातची एसटी चुकली की त्या दिवसाचं कॉलेज चुकलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी वाङ्मय घेतलेले आम्ही 7 जण, त्यातले वर्गात बसणारे 3. उरलेल्या चौघांची आणि माझी ओळख थेट परीक्षेच्या हॉलमध्ये झाली. इंग्रजी वाङ्मयच कायले घेतलं, असं गावात कोणी विचारलं की मी "एमपीएससीले कामी पडते" असं सांगून मोकळी व्हायची. खरं कारण तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं.

त्या हिवाळ्यात आमच्या समोरच्या खोलीत कापूस भरलेला होता. आदल्या वर्षी बाबांनी दिवाळीनंतर लगेच क्विंटलला 8,500 नं विकून टाकला आणि उन्हाळ्यापर्यंत भाव 10,000 च्या वर गेला. जे थांबले त्यांच्या दारात नव्या मोटारसायकली आल्या. त्या मोटारसायकली बाबांना वर्षभर दिसत राहिल्या. म्हणून 2022 च्या हंगामात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली, पहिला वेचा घरी आला, त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "दहा लागल्याबिगर काटा लावाचा नाई." एकटे बाबाच नाही, अर्धं गाव तसंच बसलं होतं. लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी 6,380 होता आणि बाजार त्याच्या बराच वर होता, पण दहा म्हणजे दहा. दिवाण, टीव्ही, देव्हारा सगळं आत सरकलं आणि समोरच्या खोलीत 22 क्विंटलची गंजी ट्यूबलाइटच्या पट्टीला जाऊन टेकली.

माझी अभ्यासाची जागा म्हणजे ती गंजी. जानेवारीच्या थंडीत घरात तेवढी ऊबदार जागा दुसरी नव्हती. वर चढून खड्डा करून बसलं की पाठीला आपोआप टेकण मिळायचं. पुस्तक मात्र हातातून सुटलं की कापसात गडप. एकदा दुसरा अंक पूर्ण दोन दिवस हरवला होता.

तीन मार्कांनंतर सरांनी मला वही करायला लावली. पानाला चार रकाने : वाक्य, कोण कोणाला, कधी, आणि शेवटच्या रकान्यात त्यातली युक्ती, म्हणजे रूपक आहे, उपरोध आहे की आणखी काही. मी आठ दिवसांत साठ वाक्यं उतरवून पाढ्यासारखी घोकली. बसमध्ये घोकली, विहिरीवर घोकली. आजी म्हणाली, "पोट्टी मंत्र म्हनते का शिव्या देते, काई समजत नाई." आणि दुसऱ्या चाचणीत पुन्हा गोंधळ. "झालेलं काही न-झालं होत नाही" हे मी तिसऱ्या अंकात टाकलं. ते पाचव्यातलं. तिसऱ्यात आहे ते "झालं ते झालं".

सर तेव्हा एक गोष्ट म्हणाले, ती मला वर्षभराच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा कामाची वाटते. म्हणाले, वाक्य पाठ करू नकोस, तोच शब्द नाटकात पुन्हा कुठे येतो त्याचा माग काढ. मग मी 'डन' या एका शब्दामागे लागले. गादीसाठी मॅकबेथ राजाचा खून करतो. त्या खुनाच्या आधी तो म्हणतो, करून संपणार असेल तर लवकर केलेलं बरं. खुनानंतर तिसऱ्या अंकात बायको त्याला दटावते, झालं ते झालं. आणि पाचव्या अंकात तीच बाई झोपेत चालताना पुटपुटते, झालेलं न-झालं होत नाही. शब्द तोच. पहिल्या वेळी त्यात घाई आहे, दुसऱ्या वेळी दटावणी, तिसऱ्या वेळी नुसता खच्चीपणा. तसाच 'लिटल'. रक्तानं भरलेले हात घेऊन दोघं उभे असताना ती म्हणते, थोडंसं पाणी लागेल, झालं काम. शेवटी तीच म्हणते, अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी या इवल्याशा हाताचा वास जायचा नाही. आधी पाणी थोडंसं होतं, नंतर हात इवलासा झाला. हे सापडलं त्या रात्री मी गंजीवरून उतरून आईला उठवून सांगितलं. आई म्हणाली, "बरं. लाइट बंद कर."

त्यानंतर मला रकान्यांची भीती राहिली नाही. अंक आणि प्रवेश पाठ करावे लागलेच नाहीत. शब्दाचा रंग बदलला की आपण नाटकात कुठवर आलो ते कळायचं.

संज्ञांचं मात्र वेगळं दुखणं होतं. व्याख्या पाठ व्हायच्या आणि वाक्य समोर आलं की कुठली लावायची ते कळायचं नाही. सगळ्यात आधी सुटली ती अतिशयोक्ती. मॅकबेथ विचारतो, समुद्रदेव नेपच्यूनचा सगळा समुद्र माझ्या हाताचं रक्त धुऊन काढील का? आणि स्वतःच उत्तर देतो, उलट हा हातच हिरव्या समुद्राला लाल करून टाकील. गाईडमध्ये या एका वाक्यावर अर्धं पान होतं. मला आठवलं दहावीचं व्याकरण : दमडीचं तेल आणलं, सासूबाईचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, उरलेलं झाकून ठेवलं, लांडोरीचा पाय लागला, वेशीपर्यंत ओघळ गेला, त्यात उंट पोहून गेला. एका दमडीच्या तेलात उंट पोहतो आणि एका हाताच्या रक्तात समुद्र बुडतो. फरक इतकाच की दमडीचं तेल सांगणारी बाई गंमत करते आहे आणि मॅकबेथला तो समुद्र खरोखर लाल दिसतो आहे. "मॅकबेथनं झोपेचा खून केला" ही चेतनगुणोक्ती. हेही दहावीतच झालेलं होतं, फक्त कोणी जोडून दाखवलं नव्हतं.

छंदाचं कोडं सुटलं ते वर्गमित्राच्या मोबाइलच्या रिंगटोनमुळे. सरांनी फळ्यावर 'आयम्बिक पेंटामीटर' लिहिलं : दहा अक्षरं, पाच जोड्या, प्रत्येक जोडीत दुसऱ्या अक्षरावर जोर. टेबलावर टकटक करून दाखवलं. आम्ही तिघांनी माना हलवल्या, समजलं कोणालाच नाही. तेवढ्यात मागच्या बाकावर फोन वाजला, शिवतांडव : जटाटवीगलज्जल… सर रागावणार म्हणून आम्ही गप्प. पण माझ्या डोक्यात बारावीचे लघु-गुरू जागे झाले. लगा लगा लगा लगा, म्हणजे लघु मग गुरू. मॅकबेथचं रंगमंचावरचं पहिलंच वाक्य घ्या : सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन. लगा, पाच वेळा. आपल्याकडे अक्षर लांब की आखूड ते मोजतात आणि इंग्रजीत आघात मोजतात, हा फरक आहेच, पण कानाला चाल तीच लागते. स्तोत्र रावणाचं म्हणतात. त्याच्या चरणात आठ लगा, मॅकबेथच्या ओळीत पाच. चेटकिणींचं मात्र उलटं, "डबल, डबल, टॉइल अँड ट्रबल", गाल गाल गाल गाल, कोणीतरी उलट्या पायांनी चालत आल्यासारखं. आणि दोन ठिकाणी छंद साफ सुटतो : दारू प्यालेला द्वारपाल बोलतो तेव्हा, आणि राणी झोपेत चालते तेव्हा. दोघंही शुद्धीवर नाहीत. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

विरेचनाची वाट मात्र वर्गातच लागली. अरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस'ला मराठीत विरेचन म्हणतात, करुणा आणि भय यांचा निचरा, एवढं सर बोलले आणि एकजण फुसकन हसला. त्याचे काका वैद्य. त्यांच्याकडे विरेचन म्हणजे जुलाब. सरांनी शांतपणे सांगितलं की उपमा वैद्यकातलीच आहे असं मानणारे पुष्कळ अभ्यासक आहेत, तेव्हा हसणं अगदीच गैर नाही. नायकाला बुडवणाऱ्या 'हमार्शिया'बद्दल ते म्हणाले की मूळ ग्रीक शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे. गाईडं त्याला 'दोष' म्हणून मोकळी होतात. हे मला आवडलं. दोष म्हटलं की माणूसच नासका वाटतो. नेम चुकला म्हटलं की तो बाण सोडताना दिसतो.

गोष्ट घरी कळायला वेळ लागला नाही, कारण मी मोठ्यानं वाचायची. आई तूर पाखडत ऐकायची. चेटकिणी मॅकबेथला सांगतात की बाईच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला मारू शकणार नाही, आणि बर्नमचं जंगल डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस. आई लगेच म्हणाली, "हे तं हिरण्यकशिपूचंच झालं. मानसानंबी नाई, जनावरानंबी नाई, घरातबी नाई, बाहेरबी नाई. मंग निंघाला ना खांबातून." मी म्हटलं, इथेही तसंच, शत्रूचे सैनिक फांद्या तोडून समोर धरून येतात, ते चालतं जंगल. आणि मॅकबेथला शेवटी मारणारा मॅकडफ बाईच्या पोटी 'जन्मलेला' नसतो, त्याला वेळेआधी आईचं पोट फाडून काढलेलं असतं. आईनं सूप थांबवलं. "म्हनजे सिझर?" हो. "सिझरनं तं तूबी झाली. मंग तुले बाईनं जलम देल्ला नाई काय? माह्या पोटावरचे टाके कायचे हायेत?"

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांना विचारलं. ते म्हणाले, तुझ्या आईनं नेमकी ती फट धरली ज्यातून चेटकिणी निसटतात. हेच ते 'इक्विव्होकेशन' : वाक्य अक्षरशः खरं, पण ऐकणाऱ्याची दिशाभूल करणारं. 1606 च्या सुमाराचं नाटक, आदल्याच वर्षी राजा जेम्ससकट पार्लमेंट दारूगोळ्यानं उडवण्याचा कट उघडकीस आलेला, आणि त्या खटल्यात फादर गार्नेटनं शपथेवर असं दुहेरी बोलण्याचं समर्थन केलेलं. त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकांच्या कानाला हा शब्द ताजा होता. आम्हाला ताजा करायला सरांनी तीन शब्द वापरले : नरो वा कुंजरो वा.

माझ्या वहीत मात्र चौथ्या रकान्यात दुसरंच उदाहरण आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी एका दुकानदारानं बाबांना बियाणं देताना सांगितलं होतं, "या वाणाले हिरवी अळी लागत नाई, बिनधास्त राहा." हिरवी लागलीच नाही. बोंडं फोडली तेव्हा आत गुलाबी होती. भांडायला गेले तर तो म्हणाला, मी हिरवीचं बोललो होतो. मॅकबेथ मरण्याआधी चेटकिणींबद्दल म्हणतो ते वाक्य मला पाठ करावं लागलं नाही : कानाला दिलेला शब्द पाळतात आणि आशेला दिलेला मोडतात. कोण, कोणाला, कधी? मॅकबेथ, मॅकडफला, अंक 5, प्रवेश 8. वहीत मी कंसात दुकानदार असंही लिहिलं होतं. सरांनी वही तपासली आणि ते तसंच राहू दिलं.

तेव्हापासून मी पाचवा रकाना आखला, 'आशा' म्हणून. सगळी गाईडं सांगतात की या नाटकाचा विषय महत्त्वाकांक्षा. "उंच उडी मारणारी महत्त्वाकांक्षा, जी स्वतःलाच ओलांडून पलीकडे पडते" हे वाक्य परीक्षेत ठरलेलं. असेल. मला मात्र सगळीकडे आशा दिसायला लागली. राजा व्हायच्या आधीच मॅकबेथ सोबतचा सेनापती बँको याला विचारतो, तुझी मुलं राजे होतील अशी तुला आशा नाही वाटत? मॅकबेथ कच खातो तेव्हा बायको टोमणा मारते, जी आशा अंगावर घालून मिरवत होतास ती दारू प्यालेली होती का? मॅकडफ एका जागी म्हणतो, माझी आशा मी गमावून बसलो. महत्त्वाकांक्षा म्हटलं की मोठ्या लोकांचं वाटतं. आशा आमच्या समोरच्या खोलीत ट्यूबलाइटपर्यंत रचलेली होती.

फेब्रुवारीत आम्ही द्वारपालाच्या प्रवेशाला आलो. अंक 2, प्रवेश 3. राजाचा खून नुकताच झाला आहे, दार कोणीतरी बडवतं आहे आणि दारू उतरत नसलेला द्वारपाल उठता उठता कल्पना करतो की आपण नरकाचे द्वारपाल आहोत. ठक ठक ठक! कोण आहे? एकेकाला तो आत घेतो. सरांनी फळ्यावर लिहिलं : 'कॉमिक रिलीफ', म्हणजे ताण हलका करणारा विनोद. कवी-समीक्षक कोलरिजला हा प्रवेश इतका हलका वाटला की शेक्सपिअरनं तो लिहिलाच नसावा असं त्याचं मत. उलट निबंधकार डी क्विन्सीनं 1823 मध्ये फक्त त्या दार वाजण्यावर एक निबंध लिहिला : खुनाच्या वेळी सगळं जग थांबलेलं असतं आणि ती थाप ऐकली की कळतं, जगाची नाडी पुन्हा चालू झाली. ही सगळी तयारी करून सर वाचू लागले. नरकाच्या दारात पहिलाच आलेला माणूस कोण? शेतकरी. "हिअर्ज अ फार्मर, दॅट हँग्ड हिमसेल्फ ऑन दि एक्स्पेक्टेशन ऑफ प्लेंटी."

सर मराठीत सांगायला लागले आणि मध्येच अडकले. 'हँग्ड'चं मराठी त्यांनी केलं नाही. "एक शेतकरी… ज्यानं… जीव दिला…" ते याच जिल्ह्यातले. वर्गात आम्ही तिघं. आमच्यातल्या प्रत्येकाच्या गावात असं एकतरी घर आहे आणि त्या घरावरून जाताना आपण आवाज खाली आणतो. सर म्हणाले, "हा… हा विनोदी प्रवेश आहे." पंखा फिरत होता. मग त्यांनी भराभर पुढचे दोघं आटोपले, तो दुहेरी बोलणारा आणि फ्रेंच तुमानीचं कापड चोरणारा शिंपी, आणि तास संपवला.

बरं, वाक्याचा अर्थही लागत नव्हता. 'एक्स्पेक्टेशन ऑफ प्लेंटी' म्हणजे भरपूर पिकण्याची अपेक्षा. भरपूर पिकणार म्हणून कोणी जीव देतो का? ग्रंथालयातल्या पातळ आवृत्तीत टीप नव्हती. माझ्या गाईडनं सरळ ठोकून दिलं होतं की दुष्काळामुळे शेतकऱ्यानं आत्महत्या केली. म्हणजे मूळ वाक्याच्या बरोबर उलट. गाईड लिहिणाऱ्यानंही बहुधा आमच्याकडच्या बातम्या वाचूनच अर्थ लावला असावा.

रात्री अकराच्या सुमाराला मी गंजीवर बसून तेच वाक्य फिरवून फिरवून वाचत होते. शेतातली लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, बाबा हरभऱ्याला पाणी देऊन आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. उंबऱ्यात बसून त्यांनी विचारलं, "येवढ्या राती काय वाचून रायली?" मी काही नाही म्हणून टाळणार होते. घरात ते वाक्य उच्चारायचंच नाही असं एसटीतच ठरवलं होतं. पण अर्थ लागत नाही याचाही त्रास होता, तो जिंकला.

"एक शेतकरी राह्यते. थो जीव देते."

"काऊन?"

"तेच तं समजत नाई. पीक चांगलं येनार दिसते म्हनून, असं लिहेल हाय."

बाबांनी चिखल खरवडणं थांबवलं. माझ्याकडे नाही, माझ्याखाली पाहिलं. गंजीकडे. "मंग मांगचं ठेवलं असन त्यानं घरात," ते म्हणाले. "भाव वाढन म्हनून. पुढचं पीक चांगलं दिसलं का मांगच्याचा भाव जाते. त्यात काय समजाचं हाय?" आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.

मी बराच वेळ खाली उतरले नाही. बाजारात कापूस तेव्हा आठ हजाराच्या आत-बाहेर होता.

दुसऱ्या दिवशी सरांना हा अर्थ सांगितला. त्यांनी कपाट उघडून जाडजूड टिपांची आवृत्ती काढली, पान शोधलं, वाचलं. धान्य चढ्या भावाच्या आशेनं साठवलेलं, पुढचं पीक उदंड येण्याची चिन्हं, भाव कोसळणार हे दिसल्यावर गळफास. टीपकारानं ते चार ओळींत सांगितलं होतं. सरांनी विचारलं, "कोणतं गाईड वापरतेस?" मी म्हटलं, घरचं.

मार्च गेला, एप्रिल गेला, दहा काही लागले नाहीत. उलट दर आठवड्याला शंभर-दोनशे खाली. गावात कोणी कोणाला "काय भाव हाय आज" असं विचारेनासं झालं, मोबाइलवर गुपचूप पाहायचे. उन्हाळा चढला तशी गंजीत किडे झाले आणि घरभर खाज सुरू झाली. आईच्या दोन्ही हातांवर पुरळ, आजी तर अंगणातच झोपायला लागली. मी गंजी सोडली आणि पाचवा अंक सार्वजनिक वाचनालयाच्या ओट्यावर पूर्ण केला. "उद्या, आणि उद्या, आणि उद्या" हे स्वगत त्या वेळी वाचायला मिळालं हे चांगलं झालं की वाईट, सांगता येत नाही. उद्या बघू, हे वाक्य घरात तीन महिने रोज बोललं जात होतं.

मे महिन्यात एका पहाटे, पाच वाजले असतील, समोरचं टिनाचं दार कोणीतरी दणादणा वाजवलं. मी आतल्या खोलीत अर्धवट झोपेत. ठक ठक ठक. खेडा खरेदीवाल्याची माणसं मेटॅडोर घेऊन आली होती, ऊन चढायच्या आत काटा करायचा म्हणून. बाबा उठून बसले आणि म्हणाले, "आलो, आलो." द्वारपालही हेच म्हणतो, "अनॉन, अनॉन." मला हसू आलं आणि मी ते उशीत दाबलं.

भाव 7,200 ठरला. वाळून कापूस सव्वा क्विंटल घटला होता. हमालांनी खोली दोन तासांत रिकामी केली, आणि तळाशी माझं एक पेन, दोन खोडरबर आणि दुसऱ्या अंकाचं सुटं झालेलं एक पान सापडलं. बाबांनी पान झटकून माझ्या हातात दिलं. भिंतीवर गंजी जिथपर्यंत होती तिथपर्यंत चुन्याचा रंग वेगळा दिसत होता. दुपारी देव्हारा परत जागेवर आला.

पेपर त्यानंतर दहा दिवसांनी. संदर्भाच्या प्रश्नात सहापैकी चार वाक्यं सोडवायची होती, मला सहाही येत होती. 'फुलाखालचा साप' होताच. या वेळी तो योग्य तोंडी दिला. मग टीपा लिहा, त्यात दुसरीच : द्वारपालाचा प्रवेश. मी कॉमिक रिलीफची व्याख्या लिहिली. कोलरिज लिहिला, डी क्विन्सी लिहिला, नरकाचं दार आणि मॅकबेथचा वाडा यांतलं साम्य लिहिलं, प्रवेश गद्यात का आहे ते लिहिलं. शेतकऱ्याचा अर्थ बाबांनी सांगितला तसाच, इंग्रजीत. त्यापुढे एक वाक्य आपोआप उतरलं, की या ओळीला कोण हसतं हे त्याच्या घरात काय साठवलेलं आहे त्यावर अवलंबून आहे. वाचलं. तपासणारा कोण असेल, कुठला असेल याचा विचार केला आणि एक आडवी रेघ मारली. रेघ बारीकच मारली, खालचं वाचता येईल इतकी.

संध्याकाळी बाबा अंगणात बाजेवर बसून विडी पीत होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही.

"थो शेतकरी आलता काय पेपरात?"

"आलता."

"लिहिला?"

"लिहिला. तुमी सांगतला तसाच."

थोडा वेळ गेला. "त्याच्या घरात काय होतं? कापूस का गहू?"

"धान्य होतं म्हनते. गहू असन."

"गहूच असन," बाबा विडी विझवत म्हणाले. "कापूस असता तं नरकातबी खाजवत बसला असता."